न सांडलेला चहा

बाईंची छत्री आमच्या दारामागच्या खिळ्याला अजून टांगलेली आहे. काळं कापड विटून करडं झालंय, दोन काड्या मोडल्या आहेत, मुठीचं लाकूड हाताच्या घामानं गुळगुळीत झालंय. दर दिवाळीच्या साफसफाईला मी ती खिळ्यावरून काढते, भंगाराच्या ढिगावर टाकते, आणि दर दिवाळीला घरातलं एक माणूस ती ढिगातून उचलून परत खिळ्याला लावतं. बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसावर अजून किती दिवस रागावणार, असं मला सगळे विचारतात. मला तरी कुठे ठाऊक आहे? छत्री दिसली की डोक्यात तिडीक जाते, एवढं खरं.

बाई भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीला तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या. उंच, हाडकुळ्या, पांढरं पातळ, कोपरापर्यंत बाह्या, आणि बारा महिने हातात छत्री. पावसाळ्यात छत्री सगळेच घेतात. बाई ती पौषातल्या थंडीत घ्यायच्या, वर्गात घ्यायच्या, स्वयंपाकघरात चुलीशेजारी उभी करून ठेवायच्या. फळ्यावरचं अक्षर छत्रीनं दाखवायचं, कुत्रं छत्रीनं हाकायचं, समोरच्या माणसाला गप्प करायचं असेल तर छत्रीचं टोक त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर धरायचं. माझ्या छातीवर ते टोक किती वेळा रोखलं गेलं याची मोजदाद नाही.

मी नर्स म्हणून एकोडीला गेले तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. त्या दिवसांत नर्सला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. नर्स दिसली की बायका दार लावून घ्यायच्या आणि पुरुष मागच्या दारानं शेतात पळायचे. नर्स म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यात मी कारध्याची, बौद्ध घरातली. चार घरांनी "आमच्याकडं पाव्हने येनार हायेत" म्हणून वाटेला लावलं. पाचवं घर बाईंचं. त्यांनी मला अंगणातच उभं केलं.

"रात्री कितीदा उठतेस?"

"जी?"

"जी कायले? रात्री कितीदा उठतेस, दाराची कडी वाजवतेस का, झोपेत बडबडतेस का, ते सांग."

मी म्हटलं, "मी कारध्याची. आम्ही बौद्ध आहोत. आधीच सांगितलेलं बरं."

छत्री वर आली. "मी तुले जात इचारली का? मी झोप इचारली."

खोली मिळाली. त्या उत्तरासाठी मी बाईंना जन्मभर मानलं असतं. पण बाईंनी ते सुख मला फार दिवस लाभू दिलं नाही.

झोपेची चौकशी कशासाठी होती ते दोन दिवसांत कळलं. घरात बाईंचा धाकटा भाऊ होता, तिशीचा, आणि त्याची झोप मोडलेली बाईंना चालत नसे. बाई त्याला बाबू म्हणायच्या, म्हणून सारं गाव बाबू म्हणे. वयाच्या विशीत त्याला कानात आवाज येऊ लागले होते. नागपूरला मोठ्या दवाखान्यात दोनदा ठेवून आणलं होतं. तेव्हापासून गोळ्या चालू. गोळ्यांनी आवाज दबले, पण हातांना थरथर आली, चाल जड झाली. आईबाप लवकर गेले होते, त्यामुळे बाबूचं सगळं बाईंकडे. सगळं म्हणजे खरंच सगळं. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या बाई लावायच्या. तो कुठे बसला आहे ते चूल फुंकता फुंकताही त्यांना माहीत असायचं. संध्याकाळी जेवायला बसला की पहिल्या घासाबरोबर गोळी, मग "आ कर", मग बॅटरीच्या उजेडात जीभ वर, जीभ खाली, दोन्ही गाल. एकदा मी म्हटलं, अहो, मी नर्स आहे, एखादे दिवशी मी पाहते. बाई म्हणाल्या, "तू लोकाइच्या जिभा पाय. ही मायी आहे."

त्या घरात एक शब्द बंद होता. वेडा. नुसता घरात नव्हे, बाईंच्या आसपास जिथवर आवाज पोचतो तिथवर बंद. त्या वर्षी तिसरीच्या पुस्तकात तो शब्द दोन ठिकाणी होता. बाईंनी भाताची खळ केली, कोऱ्या कागदाच्या चिंध्या कापल्या आणि वर्गातल्या प्रत्येक पुस्तकात तो शब्द झाकला. पोरं ती पोरंच. त्यांनी पहिल्याच दिवशी नखांनी चिंध्या खरवडल्या, आणि एरवी ज्या पोराला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं त्याला तो एक शब्द घडाघडा वाचता येऊ लागला. बाईंनी पुन्हा खळ केली. मी त्या गावात होते तोवर हा खेळ चालूच होता.

एकदा सरपंच चावडीवर कोणाशी तरी बोलताना "मास्तरणीचा येडा भाऊ" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी रविवार. बाई सकाळीच त्याच्या ओसरीवर जाऊन बसल्या. छपराखाली, आणि वर छत्री उघडून. काही बोलेनात. सरपंचाच्या बायकोनं चहा आणला, तो निवून त्याच्यावर साय आली. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. दुपार कलली तेव्हा सरपंचानं हात जोडले.

"चुकलं, बाई."

"काय चुकलं?"

"ते बोललो ते."

"कोन्ता शब्द?"

"आता तो शब्द म्हनू का नोको, तेच समजून नाही राहिलं मले!"

अख्खी ओसरी हसली. बाई हसल्या नाहीत. छत्री मिटून घरी आल्या आणि भात रांधायला बसल्या. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल केवढा अभिमान वाटला होता! आता आठवलं की वाटतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. ज्या माणसाला एक शब्द झाकण्यासाठी एवढा आटापिटा करावासा वाटतो, ते माणूस पुढे काय काय झाकेल याचा नेम नाही.

स्वतः बाईंनी लग्न केलं नव्हतं. चार स्थळं आली होती. बाईंची अट एकच, भाऊ सोबत येईल. तिघं ती अट ऐकूनच परत गेले. चौथा लाखांदुरकडचा मास्तर होता, तो म्हणाला, येऊ द्या की, माझंही घर मोठं आहे. त्याला बाईंनीच नाही म्हटलं. "येवढ्या लवकर हो म्हननारा मानूस खोटाच असते," हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. मला त्या अनोळखी मास्तराची तेव्हा कीव आली. पुढे त्याच्या जागी आपणच उभं राहू हे काही सुचलं नाही.

बाबू रेडिओ दुरुस्त करायचा. पंचक्रोशीतले ट्रान्झिस्टर त्याच्याकडे यायचे. हात थरथरायचा म्हणून त्यानं तांदूळ भरलेली एक लहान पिशवी शिवली होती. तिच्यावर मनगट टेकवायचं, श्वास धरायचा आणि कथिलाचा एवढासा डाग अचूक लावायचा. मी माझा रेडिओ त्याला दिला. तो दोन दिवसांत गाऊ लागला, पण एक बटण कमी होतं. "सापडलं की देतो जी," म्हणाला. मी बटणाची चौकशी करायला रोज जाऊ लागले. बटण त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

एके दिवशी पिशवीवर मनगट तसंच ठेवून तो म्हणाला, "नर्सबाई, एक सांगू का? मायात एक टेसन जास्त लागते. रेडिओ बंद असला तरी लागते. गोळीनं आवाज कमी होते, पन टेसन जात नाही."

मी म्हटलं, "काय लागतं त्यावर?"

"सगळ्याइबद्दल वाईटच येते. सरपंचाबद्दल, शेजाऱ्याबद्दल, ताईबद्दलबी. तुमच्याबद्दल आतापावेतो काही आलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. म्हनलं, तुमाले माहीत असावं." मग डोळे रेडिओवरच ठेवून त्यानं विचारलं, "माया संग लगन लावलं त तुमाले चालन का?"

मला आयुष्यात कोणी याहून मोलाचं काही सांगितलेलं नाही. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. आणि लगेच हो म्हणणाऱ्यांबद्दल बाईंचं मत काय होतं ते विसरले.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या छत्री घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता जात निघेल. ती निघाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. बाई म्हणाल्या, "तुयी जात मले चालते. तुयं नर्स असनं चालत नाही. तुले नवरा नोको, केस पायजे. बरा झाला त तुया कौतुकाचा, नाही झाला त सोडून जाशीन."

केस! त्या दिवसांत तो शब्द मला नकोसा झाला होता. नसबंदीच्या महिन्याला इतक्या केसेस, तितक्या केसेस, हेच ऐकत आले होते. त्या एका शब्दानं बाईंनी मला आणि बाबूला दोघांनाही मारलं.  त्या दिवसापासून जेवायला बाई आमच्या दोघांच्या मध्ये बसू लागल्या, छत्री आडवी मांडीवर घेऊन.

दोन महिन्यांनी माझी बदली शहापूरला झाली. का झाली ते मला कळेना. निघताना ऑफिसातल्या एका भल्या कारकुनानं माझ्या बदलीसाठी आलेला अर्ज दाखवला. अक्षर पाहिल्याबरोबर ओळखलं. तिसरीच्या फळ्यावर रोज दिसणारं ते वळणदार अक्षर. "सदर परिचारिका अत्यंत कर्तव्यदक्ष असून मोठ्या गावास तिच्या सेवेची अधिक गरज आहे." माझी एवढी स्तुती आजवर कोणी केली नाही. मी अर्ज वाचला आणि बाईंचा निरोप न घेता निघाले.

शहापूर हमरस्त्यावरचं गाव. दिवसभर ट्रक आणि एस.टी. गाड्या. तीन आठवड्यांनी, सोमवारी, मी लसीची पेटी घेऊन थांब्याजवळून जात होते आणि गाडीतून बाबू उतरला. एकटा. जो माणूस एकोडीच्या तलावापलीकडे ताईशिवाय गेला नव्हता, तो साकोलीला एक गाडी आणि भंडाऱ्याला दुसरी गाडी बदलून आला होता. सदरा उलटा घातलेला. चेहरा घामानं निथळत होता. मूठ उघडून त्यानं रेडिओचं बटण दाखवलं.

"सापडलं," म्हणाला.

मी भर रस्त्यात रडले. लसीची पेटी उन्हात तशीच पडून राहिली, ती लस वाया गेली, आणि त्याचा खुलासा मला लेखी द्यावा लागला. मागच्याच गाडीनं बाई आल्या. धावत आल्या, छत्री उघडायचंही भान नव्हतं. बाबूला पाहिलं आणि थांब्याच्या ओट्यावर मटकन बसल्या.

"येकटा आला?"

"हो ताई."

"भंडाऱ्याले गाडी बदलली?"

"इचारत इचारत बदलली."

बाईंनी रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुया घरच्याइले पाहाले बोलाव. रीतसर होऊ दे."

मी सांगते, त्या क्षणी मी बाईंचं सगळं माफ केलं होतं. केस, अर्ज, मांडीवरची छत्री, सगळं.

आमच्या घरी आई आणि दादा. आई विड्या वळायची, दादा भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या कारखान्यात ठोकाईला होता. दादानं आधी आकांडतांडव केलं. त्याच्या डोक्यात जात होती, बाबूचं दुखणं होतं, लोक काय म्हणतील हे होतं. आई म्हणाली, पाहून तर येऊ. रीतीनं मुलीला पाहायला जातात. इथं मुलीकडचे मुलाला पाहायला येणार होते, तेव्हा चहा मुलानंच आणावा, असं बाईंनी ठरवलं. आपला भाऊ चारचौघांसारखा आहे, हे त्यांना माझ्या आईला दाखवायचं होतं.

धान कापून झालं होतं. अंगणं सारवलेली होती. मी आई-दादाबरोबर शहापूरहून एकोडीला गेले. बाबू आतून चहा घेऊन आला. हातात ट्रे, ट्रेत तीन कपबश्या. मी श्वास धरला. कप वाजला नाही. एकही थेंब बशीत उतरला नाही. त्यानं आईसमोर वाकून कप ठेवला, दादाला दिला, मला दिला, आणि हसून म्हणाला, "साखर बरोबर हाय का पाहा जी." हात कसा, तर दगडासारखा स्थिर. डोळ्यांत चमक. बोलणं सुरेख. दादा विरघळला. पितळेचा भाव काय, ठोकाई कशी करता, बाबू विचारत होता आणि दादा सांगत होता. बाई कोपऱ्यात छत्रीवर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर मी प्रथमच हसू पाहिलं.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे राग नुसता बाईंच्या वाट्याला जायला नको. मी नर्स होते. त्या गोळ्या, ती थरथर, त्यांचा संबंध मला पाठ होता. गोळी चालू असताना थरथर एकाएकी नाहीशी होत नाही. समोर तो स्थिर हात पाहून मला विचारायला हवं होतं, बाई, गोळी चालू आहे ना? मी नाही विचारलं. मला वाटलं, आनंदानं झालं. माझ्या प्रेमानं झालं! इतका मूर्खपणा एखाद्या अडाणी माणसानं केला असता तर मी त्याला दवाखान्याच्या पायरीवर उभं करून झापलं असतं.

लग्न रजिस्टर करायचं ठरलं. नोटीस लागली. महिनाभर थांबायचं होतं.

पंधरा दिवसांनी एकोडीचा एक पोस्टमन शहापूरला निरोप घेऊन आला, लवकर चला. मी पोचले तेव्हा दुपार होती. बाबूनं रात्ररात्र झोपणं सोडलं होतं. दुरुस्तीला आलेले गावचे सगळे रेडिओ त्यानं उघडले होते आणि धानाच्या पुंजण्यात, त्या रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगात, खोल खुपसून ठेवले होते. आणि आता तो शाळेमागच्या लहान तळ्यात, ज्याला आमच्याकडे बोडी म्हणतात तिच्यात, छातीभर पाण्यात उभा होता. सकाळपासून. काठावर अर्धं गाव. शाळा सुटली होती, पोरं झाडांवर चढून पाहत होती. बाई काठावर छत्री उघडून उभ्या होत्या आणि ती छत्री हात लांब करून त्याच्या दिशेनं धरत होत्या. तो वीस हात दूर होता. ती सावली त्याच्यापर्यंत कशी पोचावी?

मी पांढऱ्या साडीनिशी पाण्यात उतरले. पाणी बर्फासारखं. त्याच्यापासून दोन हातांवर थांबले.

"बाबू, काय लागलंय टेसनवर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात पाण्याबाहेर होता, अगदी स्थिर.

"आता तुमच्याबद्दलबी येऊन राहिलं," तो म्हणाला.

"काय येतंय?"

"म्हनतात, तुमाले थरथरनारा नोको होता."

मी म्हटलं, मला थरथरणाराच हवाय. पुन्हा पुन्हा म्हटलं. ओरडून म्हटलं. त्याला ते पटलं नाही. शेवटी शेतातून आलेल्या चार गड्यांनी त्याला उचलून काठावर आणलं.

काठावर बाईंनी पदराची गाठ सोडली. आत गोळ्या होत्या. एक-दोन नव्हे, ओंजळभर. बाईंना वस्तू टाकवत नसे.

"चाय सांडू नाही म्हनून बंद केल्या वो," त्या म्हणाल्या. "पाह्याच्या आधी तीन आठवडे. मंग इतका चांगला दिसून राहिला, म्हनलं रजिस्टरात सही होऊ दे नीट, मंग चालू करू. आता देऊन राहिली त थुकून टाकते."

मी बाईंच्या तोंडात मारली.

अख्ख्या गावासमोर, झाडांवर चढलेल्या तिसरीच्या पोरांसमोर. ओल्या हाताची, चांगली सणसणीत. आणि वर ओरडले, "वेड्या तुम्ही आहात! तुम्ही! तो नाही, तुम्ही वेड्या आहात!"

 तो शब्द बाईंसमोर इतक्या मोठ्यानं कोणी उच्चारला नव्हता. मी छत्रीच्या टोकाची वाट पाहत होते. बाईंनी छत्री मिटली, जमिनीवर ठेवली आणि बाबूचे पाय पदरानं पुसायला बसल्या.

बाबू नागपूरला सहा महिने होता. बाईंनी बिनपगारी रजा घेतली आणि दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत मुक्काम टाकला. भेटीची वेळ दुपारची. त्या सकाळी आठपासून फाटकाबाहेर छत्री घेऊन उभ्या असत. मी रविवारी जायची. आम्ही एकाच बाकावर बसायचो आणि बोलायचो नाही. एकदा त्यांनी अर्धी भाकर माझ्यापुढे केली. मला सडकून भूक लागली होती. मी घेतली नाही. थोबाडीत मारल्याची माफी मी मागितली नाही, आणि गोळ्यांची त्यांनी मागितली नाही. दादानं लग्न मोडल्याचं मला पत्रानं कळवलं. नोटीस रद्द झाली.

बाबू परत आला तो अंगानं जाड, चालीनं सावकाश, आणि हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरणारा. तांदळाची पिशवी पुन्हा निघाली. पुंजण्यातले रेडिओ लोकांनी शोधून ठेवले होते, ते त्यानं एक एक करून जोडून दिले. त्याला वर्ष गेलं. मी दर रविवारी एकोडीला जायची. एका रविवारी विचारलं, "आता काय लागतं?"

"तुमचं नाव येत नाही," तो म्हणाला. "मी कान देऊन आयकतो. येत नाही."

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, पुन्हा पाहायला चल. दादा आला नाही. आई एकटी आली.

या वेळी बाईंनी काय करावं? आईला समोर बसवलं, बाबूला तिच्यापुढे उभं केलं, भातात गोळी दिली, "आ कर" म्हटलं आणि बॅटरीच्या उजेडात जीभ वर, जीभ खाली, दोन्ही गाल, सगळं आईला दाखवलं. आई डोळे मोठे करून पाहत राहिली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग बाबू चहा आणायला गेला.

कपबश्या वाजत असल्याचं आतूनच ऐकू येऊ लागलं. उंबऱ्यात थोडा सांडला. आईपर्यंत येईतो बशी भरली, आईच्या लुगड्यावर चार थेंब पडले. बाबूनं कप ठेवला आणि मान खाली घातली.  आईनं कप बाजूला केला, बशी उचलली, फुंकर घातली आणि बशीतला चहा सुरसुर करत पिऊन टाकला. मग कपातला उरलेला बशीत ओतला आणि तोही प्यायला.

"साखर बराबर हाय, बेटा," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "त्या दिवशी सांडली असती तरी मी अशीच पेली असती वो बाई. मी काय चाय वाढनारा नोकर पाह्याले आलती?"

एवढंच. आई काही मुद्दाम बोलली नाही, तिच्या मनात टोमणा नव्हता. पण मला दोन वर्षं एका क्षणात दिसली. ती बोडी, ते फाटक, ती न घेतलेली भाकर. काहीच करायची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी चहा सांडला असता, आईनं बशीतून प्यायला असता आणि आमचं लग्न लागलं असतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छत्री उचलली, अंगणात गेल्या, लख्ख उन्हात ती उघडली आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पाठ हलत होती.

कोणीतरी त्यांच्याकडे जायला हवं होतं. मी जायला हवं होतं. मी गेले नाही.

बाबू उठला. त्यानं ताईसाठी कप भरला आणि निघाला. उंबऱ्यापासून अंगणापर्यंत सारवलेल्या जमिनीवर चहाच्या थेंबांची रांग पडत गेली. तिथं पोचला तेव्हा कपात घोटभर उरला असेल. बाईंनी तो प्यायला, बशी चाटूनपुसून रिकामी केली, आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

त्याच महिन्यात आमचं लग्न झालं. रजिस्टरात बाबूची सही अशी वाकडीतिकडी झाली की साहेबांनी दोनदा नाव विचारलं. बाई पुढे अनेक वर्षं आमच्याकडेच होत्या, आणि अनेक वर्षं आम्ही भांडलो. गोळीच्या वेळेवरून, मिठावरून, उघड्या खिडकीवरून. त्या दोन वर्षांबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

या दिवाळीलाही मी ती छत्री काढून भंगारात टाकणार आहे. आणि बाबू ती उचलून आणेल, थरथरत्या हातानं दोन-तीनदा खिळा चुकवेल, आणि मी बाजूला उभी राहून रागानं बघत राहीन, ती लागेपर्यंत.